दोरा शाबूत आहे

३ मार्च, सोमवार, भर दुपार
एका बंद घराच्या पायरीवरून

प्रिय ताई,

भिंगरीचा नमस्कार. सुरुवातीला तब्येत विचारायची असते, ती विचारली असं धर. माझी उत्तम आहे. उजव्या बुटाने तेवढा आ वासलाय, आणि नेमकं आताच चालायचं काम लागलंय.

हो, काम लागलंय. हसू नकोस. बर्फाच्या कारखान्यातलं सुटलं, कारण तिथे बोटं बधिर व्हायची आणि मला तुझ्याशी बोलायला बोटं लागतात. मग एका माणसाबरोबर गाद्या विकत फिरलो. त्याला स्वतःला कशावरच झोप येत नसे, पण ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी. तर काम.

मी रिकामी घरं शोधतो. म्हणजे मालक जी विसरून गेलेत, अशी. गल्लीबोळ पालथे घालायचे, घर हेरायचं, मालक कोण आणि कुठे आहे त्याचा छडा लावायचा आणि त्याला पत्र घालायचं. पुढचं साहेब बघतात. स्वस्तात घेतात, रंग फासतात, दोन-चार वर्षं दाबून ठेवतात आणि विकतात. याला गुंतवणूक म्हणायचं. साहेबांच्या हातात सदा एक स्टीलची फुटपट्टी असते, म्हणून मी त्यांना फुटपट्टी म्हणतो. मनातल्या मनात, काळजी नको.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

म्हटलं, "अर्धवट."

"कसलं?"

"सगळंच."

ते हसले. "चालता येतं ना? मग झालं."

मी आता घर बघून सांगतो बघ. गवत वाढलं म्हणजे घर रिकामं, हे नवशिक्याचं झालं. आळशी माणसाकडेही गवत वाढतं. पत्रांची पेटी बघायची. ती ओसंडत असेल, तळाची पाकिटं पावसाने फुगून वाळलेली असतील, तर तिथे कुणी नाही. खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर त्याची तारीख वाचायची. आणि शेवटी दोरा. ही साहेबांची स्वतःची युक्ती. दाराच्या खालच्या कडीपासून चौकटीतल्या खिळ्यापर्यंत साधा शिवणाचा दोरा बांधायचा, कुणाच्या डोळ्यात भरणार नाही असा. दर सोमवारी जाऊन बघायचं. तीन सोमवार दोरा शाबूत म्हणजे दार उघडलंच नाही. मग वहीत लिहायचं, "दोरा शाबूत. घर रिकामे." खाली सही. वहीत माझी सही! शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची केली होती, त्यानंतर ही पहिलीच अधिकृत.

पत्रंही मीच लिहितो, हाताने. छापील पत्र लोक न फोडता टाकून देतात, हाताने लिहिलेलं कुणाच्यानं टाकवत नाही, असं साहेब म्हणतात. माझं अक्षर बघून ते गहिवरले होते. बाबांनी बोटं लाल करून वळवलेलं अक्षर असं उपयोगी पडतंय.

ज्या घराच्या पायरीवर बसलोय त्याचं दार हिरवं आहे. होतं म्हणू. खिडक्यांना कागद, अंगणात कमरेएवढं गवत. पेटीत पत्रं जेमतेम तीन, पण ती काय, पोस्टमननेच नाद सोडला असेल. समोरच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिथे? तिथे कोण असणार?" मग आताच दोरा बांधला, आणि पाय दुखत होते म्हणून टेकलो, आणि तुझी आठवण आली. तास होत आला लिहितोय. पायरी गार आहे. दाराला पाठ टेकली तर दार मात्र कोमट लागतं. ऊन असेल.

तुझं पाकीट पिशवीत जपून ठेवलंय. वाचतो निवांत. गडबडीत उरकायचं पत्र नव्हे ते.

पत्ता देत नाही. खोली बदलायची आहे.

तुझा,
भिंगरी


१८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार आणि नवा बूट. एकच शिवून घेतला, उजवा. डावा अजून तरुण आहे.

मागच्या पत्रातल्या हिरव्या दाराचा कालच दुसरा सोमवार झाला. दोरा शाबूत. साहेब खूश आहेत. जागा कोपऱ्याची आहे, दोन्हीकडून रस्ता.

मालकही सापडला. घरपट्टीच्या कचेरीत एक कारकून बाई आहेत, त्यांची माझी गट्टी जमलीये. मला बघितलं की म्हणतात, "आले भुतांचे दलाल." त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. घर ज्यांच्या नावावर होतं ते वारले, त्यांचा मुलगा दूरच्या शहरात असतो. त्याला माझ्या सुंदर अक्षरात पत्र गेलं. आठवड्यात साहेबांच्या कचेरीत त्याचा फोन. साहेबांनी मला ऐकायला बसवलं.

तो म्हणाला, विकायला हरकत नाही. किल्ली नाही, कुलूप तोडून बघा. मग जरा घुटमळून म्हणाला, "तिथे काका राहायचे माझे. पण आमचं जाणं-येणं नाही. नसावेत आता."

साहेबांनी मला खूण केली. मी वहीत लिहिलं, "कुणी राहत नाही."

आता तुला एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. तू तरी कुणाला बोलणार म्हणा. पहिल्या सोमवारी मी गेलो तेव्हा दोरा शाबूत होता, पण जरा सैल होता. आणि गाठ माझी नव्हती. माझी गाठ कशी असते तुला ठाऊक आहे, बुटाच्या नाड्या तूच बांधायचीस. ही गाठ बारीक, घट्ट, टोकं अगदी बरोबरीने कापलेली. मी बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिलो. उन्हाने दोरा सैल पडतो, असं स्वतःला सांगितलं. गाठीचं काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून सांगितलंच नाही. वहीतही नाही.

काल गाठ तीच होती. दाराला कान लावला. रिकाम्या घराची शांतता मला आता ओळखता येते ताई, ती पोकळ असते, तिच्यात नळ ठिबकतो, पत्रा कुरकुरतो. इथे काहीच नव्हतं. आपण लपंडाव खेळताना तू कपाटात श्वास रोखून बसायचीस, मी कपाटासमोर उभा राहायचो आणि मला कळायचं की तू आत आहेस, तसं. मी दारावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि निघालो. मला त्या दिवशी आणखी चार घरं करायची होती.

दुसरंच काहीतरी लिहायला बसलो होतो. हां, किल्ल्या. ज्या मालकांना घर नकोच असतं ते पत्राला उत्तर लिहीत बसत नाहीत. पाकिटात किल्ली घालतात आणि पाठवून देतात. कधी कधी सोबत चिठ्ठीही नसते. साहेबांच्या टेबलाखाली एक खोका आहे, बिस्किटांचा, तो अशा किल्ल्यांनी भरलाय. साहेब म्हणतात, "पाकिटातून किल्ली आली की समजायचं, घरात कुणी उरलं नाही आणि पाठवणाऱ्यालाही परत पाऊल टाकायचं नाही."

त्या दिवशी खोलीवर आल्यावर तुझं पाकीट वरून चाचपलं.

असो. इथे पाणी चांगलं आहे. भूक लागते.

पत्ता पुढच्या खेपेला.

भिंगरी


२९ मार्च

ताई,

तब्येत विचारायचं राहू दे.

या सोमवारी तिसरा झाला. दोरा शाबूत. मी लिहिलं, सही केली. काल सकाळी दहा वाजता साहेब, एक किल्लीवाला आणि मी, असे हिरव्या दाराशी गेलो. साहेबांनी फुटपट्टीच्या कडेने दोरा तोडला. तुटताना आवाज होत नाही, पण मला ऐकू आला.

किल्लीवाला कुलपात तारा घालून पाच मिनिटं खुडबुडला. दार उघडलं. आत शिवणयंत्राच्या तेलाचा आणि खडूचा वास आला. आणि समोर, दाराकडे तोंड करून, खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली, गळ्यात मापाची टेप. गालांच्या जागी खड्डे. साहेबांना ओलांडून त्याने माझ्याकडे बघितलं.

"आलास," तो म्हणाला. "मला वाटलं, आजही बाहेरूनच जातोस."

साहेब म्हणाले, "हे कोण?" मला विचारत होते.

"बघ, कुठ्ठं गेलो नाही," म्हातारा माझ्याशीच बोलत होता. "एकदा तुटला दोरा. पहिल्याच आठवड्यात, दूध आणायला निघालो तेव्हा. मला दिसलाच नाही रे. लगेच परत बांधला, दाराच्या फटीतून हात घालून. तू रागावलास का?"

माझ्या तोंडातून "नाही" निघालं.

"मग बरं. त्यानंतर दाराला हात लावला नाही. आणि कच्चा दोरा वापरतोस तू, गाठ तर विचारूच नकोस. माझ्या मांडीला मांडी लावून बसत होतास, हेच शिकलास?"

ताई, तो शिंपी आहे. साहेब बाहेर जाऊन किल्लीवाल्याशी कुजबुजत होते तेवढ्यात मला सगळं कळलं, कारण तो बोलायचा थांबतच नव्हता, बरेच दिवस तोंड मिटून बसल्यासारखा. बायको लवकर गेली. मुलगा सहा वर्षांचा. दुकानात जाताना मुलाला घरात ठेवून जावं लागायचं. तेव्हा हा दाराला बाहेरून शिवणाचा दोरा बांधायचा आणि मुलाला सांगायचा, बाहेर गेलास तर मला कळेल. संध्याकाळी दोरा शाबूत असला की पोराला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा. पोरगा मोठा झाला आणि एक दिवस गेला. कुठे, ते शिंप्याला माहीत नाही. किती वर्षं झाली, तेही त्याने सांगितलं नाही.

मग या तीन मार्चला दाराशी बूट वाजले. कुणीतरी खाली बसलं. गेल्यावर त्याने फटीतून बघितलं तर खालच्या कडीला दोरा.

"म्हटलं, आता तुझी पाळी," तो म्हणाला. "तू माझ्यावर लक्ष ठेवतोयस. बघू दे, बाप घरात राहतो का. दर सोमवारी यायचास, दारावर हात ठेवायचास आणि जायचास. आत का नाही आलास? मी इथेच तर बसलो होतो."

मी वही पाठीमागे लपवली.

"आणि पहिल्या दिवशी पायरीवर बसून तासभर काय लिहीत होतास? मला वाटलं, लिहून झालं की दाराखालून सरकवशील."

मला सांगायचं होतं की आजोबा, मी तुमचा कुणी नाही. पण तोंडून निघालं, "चहा टाकू?" फळीवरचे डबे उघडले. एकेक करत सगळे उघडले. शेवटच्यात साखर होती, तळाला. बाकी सगळे धुऊन पुसून पालथे घातलेले. तो पंचवीस दिवस बाहेर पडला नव्हता, कारण दारात माझा दोरा होता. आणि तो बाहेर पडत नव्हता म्हणून दोरा शाबूत राहिला, आणि पेटीतली पत्रं वाढत गेली, आणि मी दर सोमवारी येऊन बघितलं की हो, इथे कुणीच नाही.

मी दुकानात धावलो. येताना साहेब गाडीत बसत होते. काच खाली करून म्हणाले, "उद्या कचेरीत ये. वही घेऊन."

आता कचेरीत निघतोय. घाईत मांडीवर धरून लिहिलंय, हे अक्षर बाबांना दाखवू नकोस.

भिंगरी


५ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र नीट लिहितो. मध्ये गाद्या नाहीत, बूट नाहीत.

कचेरीत साहेब अगदी शांत होते. म्हणाले, "वहीत काय लिहिलंय?"

"दोरा शाबूत. घर रिकामे."

"सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे चोवीस तारखेला घर रिकामं होतं. हा माणूस त्यानंतर घुसला. घुसलेल्याला बाहेर काढता येतं."

मी म्हटलं, "साहेब, ते तिथे चाळीस वर्षं राहतात."

"असं वहीत आहे का?"

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ते दुष्ट नाहीत ताई, हेच वाईट आहे. त्यांनी मला मागे एकदा स्वतःची छत्री दिली होती. त्यांनी फक्त फुटपट्टी वहीतल्या माझ्या ओळीखाली धरली, शाळेत धरतात तशी, आणि ती ओळ सरळ होती.

मला एकदम कळलं की त्या म्हाताऱ्याला रस्त्यावर काढायला कुणाची गरज नाही. माझं अक्षर पुरे.

मी वही ओढली आणि त्याच ओळीखाली लिहिलं, "१० मार्चला गाठ माझी नव्हती. घरात माणूस आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी लिहिलं नाही." सही केली. साहेबांनी वाचलं. फुटपट्टी टेबलावर ठेवली. हातात काही नसलेले साहेब मी पहिल्यांदाच बघितले. म्हणाले, "अक्षर फार चांगलं होतं रे तुझं," आणि दाराकडे बघितलं. तर काम सुटलं.

त्याच दिवशी पुतण्याला पत्र टाकलं, हाताने लिहून. तुमचे काका आहेत. डब्यात साखर होती, आता बाकीचंही आहे. तो गुरुवारी आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, दारात नुसताच उभा. शिंप्याने त्याला नखशिखान्त बघितलं आणि गळ्यातली टेप काढली. "हात वर कर. तुझ्या मुंजीचा... नाही, कॉलेजचा सदरा मी शिवला होता. केवढा वाढलास." पुतण्याने हात वर केले ते खाली घ्यायचं त्याला सुचेना. नंतर पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मी 'नसावेत' म्हटलं होतं हो. 'नाहीत' नव्हतं म्हटलं."

मी म्हटलं, "मीही तेवढंच लिहून घ्यायला हवं होतं."

घर विकत नाही म्हणून त्याने साहेबांना कळवलं. महिन्याला येईन म्हणतो. येईल असं वाटतं. समोरच्या खिडकीतल्या बाई आता दिवसातून दोन वेळा शिंप्याला हाक मारतात, आणि हाक मारताना माझ्याकडे बघत नाहीत.

मी शिंप्याकडेच राहिलोय आठवडाभर. आणि सांगितलं त्यांना. तिसऱ्या दिवशी, ते काज करत होते तेव्हा. म्हटलं, "मी तुमचा मुलगा नाही."

त्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "माहीत आहे. त्याचा डावा खांदा उतरता आहे. तुझे सरळ आहेत."

"मग बोलला नाहीत ते?"

"दार उघडल्या उघडल्या कुणी माप घेतं का?" मग काज उलटून बघत, "ते पत्र कुणाला लिहीत होतास मग?"

"बहिणीला."

"तिचं उत्तर काय आलं?"

"मी पत्ता देत नाही."

दोरा त्यांच्या दातात होता. तो तोडायचा राहिला. "म्हणजे तिच्याही दाराला बाहेरूनच बांधून जातोस," ते म्हणाले.

ताई, आता ते लिहितो.

परीक्षेच्या दिवशी मी पेपर अर्धा टाकून निघालो, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या भिंतीवरून उडी मारली, हेही कुणीतरी सांगितलंच असेल. पण भिंतीवर चढलो तेव्हा मला पुढचं फाटक दिसत होतं. तिथे बाबा उभे होते. कामावरून अर्धी रजा काढून आले असणार. हातात डबा होता, आणि ते दर मिनिटाला घड्याळ बघत नव्हते, नुसते फाटकाकडे बघत उभे होते. पाठमोरे. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पेपर सुटायला दीड तास होता. ते दीड तास उभे राहिले असतील, आणि सगळी पोरं बाहेर पडल्यावर आणखी किती, ते मला माहीत नाही. तू कधी लिहिलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. पाच वर्षं मी गावं बदलतोय ती काही भटकायची हौस म्हणून नाही. कुठेही चार महिने झाले की मला बाबांचा तो शर्ट दिसतो, पाठीमागून. निळ्या रेघांचा.

आणखी एक. दीड वर्षापूर्वी मी आलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास. तू कामावर असणार हे धरून. आपल्या दाराशी उभा राहिलो. दारावर हात ठेवला. आत बाबा खोकले. मी हात काढला आणि निघून गेलो. फाटकाची कडीसुद्धा वाजू दिली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने तुझं पाकीट आलं, मी तेव्हा कामाला होतो त्या छापखान्याच्या पत्त्यावर; तुला दिलेला तो शेवटचा पत्ता. आत किल्ली आहे हे वरूनच कळत होतं. आधी लाजेने फोडलं नाही. कुणीतरी मला बघितलं असेल, आणि तू लिहिलं असशील की असा चोरासारखा येऊन जातोस, ही घे किल्ली आणि कर काय ते. मग हे काम लागलं, तो बिस्किटांचा खोका बघितला, आणि भीतीने फोडलं नाही. किल्ली पाठवली म्हणजे घरात कुणी उरलं नाही. पाकीट बंद होतं तोवर बाबा आत खोकत होते. लोकांच्यानं टाकवत नाहीत अशी पत्रं मी शेकड्याने लिहिली, आणि माझं एक फोडलं नाही.

आज सकाळी शिंप्याच्या कात्रीने फोडलं. तू लिहिलंयस ते तुला आठवत नसेल, म्हणून उतरवतो.

"भिंगरी, बाबा म्हणतात, परवा दुपारी दाराशी कुणीतरी येऊन गेलं. मी म्हटलं, मांजर असेल. म्हणाले, मांजर बूट घालत नाही. काल त्यांनी कुलूप बदलून घेतलं, जुनं अडकतं म्हणे. मला तर कधी अडकलं नव्हतं. किल्ल्या तीन करून आणल्या. तिसरी कशाला विचारलं, तर म्हणाले, दुकानदार तीनच देतो. ही ती तिसरी. हल्ली खुर्ची दाराजवळ ओढून पेपर वाचतात. तिथे उजेड बरा येतो म्हणे. ताई."

आपल्या दाराजवळ कधीच उजेड नव्हता. तिथे आपण भुताची गोष्ट सांगायला बसायचो.

दीड वर्ष, ताई. मी ते पत्र पिशवीत घालून गाद्या विकल्या, बर्फ फोडला, लोकांच्या दारांना दोरे बांधले. ती खुर्ची अजून तिथेच आहे का? तिच्यात कुणी बसतं का? रिकामं घर मला लांबून ओळखता येतं असं मी पहिल्या पत्रात फुशारकीने लिहिलं होतं. आपल्या घराचं मला काहीच सांगता येत नाही. तुमच्या पेटीत माझी ही पत्रं साचत असतील, कुणी न उचललेली, आणि माझ्यासारखा कुणी भिंगरी फाटकाशी उभा राहून वहीत काही टिपत असेल, तर त्याला म्हणावं, जरा थांब.

पत्ता याही खेपेला देत नाही, कारण उद्या सकाळच्या गाडीने मी निघतोय. हे पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. शिंप्याने मला एक शर्ट शिवून दिलाय. माप न घेता. खांद्यात चपखल बसला. निघताना त्यांनी रिळावरचा हातभर दोरा तोडून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "हा पक्का आहे. बटणाला वापर, दाराला नको."

मी बेल वाजवीन. पळणार नाही. कुणी उघडलं नाही, तर किल्ली लावून उघडीन. खुर्चीत बाबा असतील, तर त्यांना आधीच काही सांगू नकोस, बूट वाजले की त्यांना कळेल. खुर्ची रिकामी असेल, तर ती तिथून हलवू नकोस. मी येईपर्यंत राहू दे. दार उघडताना ती मला लागू दे.

तिसऱ्या किल्लीचा,
भिंगरी